ऑनलाईन माल विकताय? मग सप्लायरचं बिल काउंटरवरच नीट वाचून घ्या

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो, कुठेही विकत असा, माल दुसऱ्याकडून घेऊन विकत असाल तर कधी ना कधी मेल येणारच की हा माल कुठून आणला त्याचं बिल अपलोड करा. कधी नवीन ब्रँड लिस्ट करायला गेलं की परवानगीसाठी मागतात, कधी एखाद्या कस्टमरने माल डुप्लिकेट आहे अशी कंप्लेंट केली म्हणून, कधी ब्रँडवाल्यानेच तक्रार टाकलेली असते. आणि तोपर्यंत लिस्टिंग बंद, कधीकधी पेमेंटपण अडकलेलं. मी सेलर लोकांचे हिशोब बघते, जीएसटी रिटर्न भरते, त्यामुळे असे मेल माझ्याकडे सारखे फॉरवर्ड होऊन येतात, आणि माल शंभर टक्के ओरिजिनल असूनही फक्त बिल धड नाही म्हणून माणूस अडकलाय असं बघितलं की खरंच जीव तुटतो. कारण ते बिल घेताना दुकानात दोन मिनिटं दिली असती तर पुढचा सगळा ताप वाचला असता.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. ते बिल जो तपासणार आहे तो तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या शेठजींना ओळखत नाही, मस्जिद बंदरला किंवा बोहरी आळीत धंदा कसा चालतो त्याचं त्याला काही घेणं नाही. त्याच्यासमोर एक कागद आहे आणि तुमचं सेलर अकाउंट आहे. कागदावरचं नाव, पत्ता, माल, नग, तारीख हे अकाउंटशी आणि लिस्टिंगशी जुळतं का एवढंच तो बघतो. जुळलं तर पास, नाही जुळलं तर "डॉक्युमेंट व्हॅलिड नाही" असा दोन ओळींचा रिप्लाय. त्यामुळे माणसं ओळखीची आहेत, व्यवहार दहा वर्षांचा आहे, हे सगळं बरोबर असलं तरी कागद स्वतः बोलला पाहिजे.

कोणता कागद चालतच नाही ते आधी बघू

कोटेशन, एस्टिमेट, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, पर्चेस ऑर्डर, डिलिव्हरी चलान, पॅकिंग स्लिप, यातलं काहीही बिल नाही. टॅलीतून प्रिंट काढलेली असते, वर सगळं छान छापलेलं असतं, पण हेडिंग जर प्रोफॉर्मा असेल तर तो माल विकल्याचा पुरावा होत नाही, फक्त भाव सांगितल्याचा होतो. वर ठळक "टॅक्स इन्व्हॉइस" लिहिलेलं पाहिजे. सप्लायर कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्या धंद्यांसाठीची सोपी जीएसटी योजना) असेल तर तो "बिल ऑफ सप्लाय" देईल, त्यात टॅक्स वेगळा दाखवलेला नसतो आणि तुम्हाला इनपुट क्रेडिटपण (खरेदीवर भरलेला टॅक्स विक्रीच्या टॅक्समधून वजा करायची सोय) मिळत नाही, पण माल घेतल्याचा पुरावा म्हणून तो कायदेशीर कागद आहे.

मॉलची, सुपरमार्केटची थर्मल पेपरवरची पावतीपण चालत नाही. सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून एका ॲपवरून शाम्पूच्या बाटल्या उचलायच्या आणि दुसऱ्या ॲपवर विकायच्या असं करणारे बरेच आहेत, ब्रँडची परवानगी मागायच्या वेळी ही पावती रिजेक्ट होते कारण ती किरकोळ ग्राहकाची पावती आहे, डिस्ट्रिब्युटरची किंवा कंपनीची नाही. शिवाय थर्मल पेपरवरची छपाई हळूहळू पुसट होत जाते.

आणि चिठ्ठी. म्हणजे कोऱ्या कागदावर पेनाने "६० पीस × २००" आणि खाली सही. याच्याबद्दल पुढे बोलूच, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

बिल वरून खाली कसं वाचायचं

सगळ्यात वर सप्लायरचं नाव, पूर्ण पत्ता आणि जीएसटी नंबर. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गुजरात २४, दिल्ली ०७, गोवा ३०, कर्नाटक २९. मधली दहा अक्षरं म्हणजे त्या पार्टीचा पॅन. नंबर बिलावर छापलाय म्हणजे तो चालू आहे असं अजिबात समजू नका. जीएसटीच्या पोर्टलवर सर्च टॅक्सपेयरमध्ये लॉगिन न करता कोणालाही नंबर टाकून बघता येतं, तिथे कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, रजिस्ट्रेशन चालू आहे की कॅन्सल झालंय, रेग्युलर आहे की कंपोझिशन आणि रिटर्न भरतो का तेही दिसतं. नवीन पार्टीकडून पहिल्यांदा माल घेताना मोबाईलवर तिथेच उभं राहून हे बघून घ्या, लाज वाटायचं काही कारण नाही, पैसे तुमचे जाणार आहेत. सलग काही महिने रिटर्न भरलेलंच दिसत नसेल तर त्या दुकानातून दहा रुपयांचाही माल घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. तसंच बिलावर दुकानाचा फोन आणि ईमेल चालू असलेला पाहिजे, कारण मार्केटप्लेसवाले, म्हणजे ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारखे, कधीकधी सप्लायरला थेट फोन करून विचारतात की हे बिल तुमचंच का. फोन बंद असेल किंवा उचलणारा पोरगा "आपल्याला नाय माहीत" म्हणाला तर संपलंच. म्हणून शेठजींना आधीच सांगून ठेवायचं की असा फोन आला तर बिल नंबर बघून सांगा.

मग बिल नंबर आणि तारीख. नंबर जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. एकाच दुकानाची तीन महिन्यांतली बिलं शेजारी ठेवली आणि जूनचा नंबर एप्रिलच्या नंबरच्या आधीचा निघाला तर तपासणाऱ्याला शंका येणारच. तारखेचं तर फार महत्त्वाचं आहे. ज्या ऑर्डरवरून कंप्लेंट आली ती ऑर्डर जायच्या आधीची तारीख बिलावर पाहिजे. माल मार्चमध्ये विकलाय आणि बिल एप्रिलचं दाखवताय, तर ते बिल कितीही खरं असलं तरी त्या मालाचं नाही. शिवाय मार्केटप्लेस बहुतेक वेळा गेल्या १८० किंवा ३६५ दिवसांतलंच बिल मागतात, नेमका आकडा तुम्हाला आलेल्या मेलमध्येच असतो, तो मेल पूर्ण वाचा, अर्धे लोक वाचतच नाहीत. दोन वर्षांपूर्वी एकदाच मोठा लॉट उचलून हळूहळू विकणाऱ्यांची इथे पंचाईत होते, त्यांनी त्याच ब्रँडचा थोडा थोडा माल अधूनमधून पक्क्या बिलावर घेत राहावं.

आता तुमचं नाव. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. समजा तुमची प्रोप्रायटरशिप (एकट्याच्या मालकीचा धंदा) आहे, तर जीएसटीवर कायदेशीर नाव तुमचं स्वतःचं आणि ट्रेड नेम दुकानाचं. ॲपवर कस्टमरला दिसणारं नाव तिसरंच काहीतरी. आणि दुकानदार बिलावर काय लिहितो, तर "कॅश", नाहीतर तुमच्या मिस्टरांचं नाव कारण फोन नंबर त्यांचा सेव्ह आहे, नाहीतर तुमच्या भावाची फर्म. हे तिन्ही बाद. बिलावर तेच नाव पाहिजे जे जीएसटी सर्टिफिकेटवर आहे, आणि तेच सेलर अकाउंटच्या बिझनेस डिटेल्समध्ये पाहिजे, फ्लॅट नंबर, सोसायटी, पिनकोडसकट. घर बदललं, गाळा बदलला तर जीएसटीमध्ये पंधरा दिवसांत बदल टाकायचा असतो, तो टाका, मग ॲपवर टाका, मग सगळ्या सप्लायरना नवीन सर्टिफिकेट व्हॉट्सॲप करा. मी सगळ्यांना एक सांगते, जीएसटी सर्टिफिकेटच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये फेव्हरिट करून ठेवा आणि बिल बनवायच्या आधी मुनीमजींना तो दाखवा, तोंडी नाव सांगू नका, तोंडी सांगितलं की स्पेलिंग चुकतंच.

ज्यांच्याकडे जीएसटी नंबरच नाही त्यांनाही १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर स्वतःच्या राज्याच्या आत ऑनलाईन माल विकता येतो. अशा सेलरने तर नावासाठी जास्तच जागरूक राहायचं, कारण बिल ५०,००० च्या खाली असेल आणि घेणारा रजिस्टर्ड नसेल तर दुकानदार स्वतःहून नाव टाकत नाही. पण तुम्ही मागितलं तर नाव-पत्ता टाकायची सोय नियमातच आहे. म्हणून मागायचंच.

मालाची ओळ

माझ्यासमोर आत्ता एका सेलर ताईंचं बिल आहे, मुंबईच्या होलसेल मार्केटमधलं, नावं सांगत नाही. त्यात एकच ओळ आहे, "कॉस्मेटिक आयटम, १ बॉक्स", पुढे एचएसएन (मालाच्या प्रकाराचा कोड), पुढे रक्कम. टॅक्स बरोबर, नाव बरोबर, जीएसटी नंबर चालू. आणि ताईंनी विकलं काय, तर एका ब्रँडचा फेसवॉश, १०० मिलीची ट्यूब. आता सांगा, "कॉस्मेटिक आयटम, १ बॉक्स" यातून तपासणाऱ्याला कसं कळणार की आत तोच फेसवॉश होता, तीच साईज होती आणि नग किती होते? बिल खरं आहे, माल खरा आहे, पण दोघांचा एकमेकांशी संबंध कागदावर कुठेच नाही. हीच ओळ जर अशी असती, ब्रँडचं नाव, नीम फेसवॉश, १०० मिली, ४८ पीस, दर, रक्कम, तर विषय तिथेच संपला असता. मॉडेल नंबर असेल तर मॉडेल नंबर, कपडे असतील तर स्टाईल कोड आणि साईज. पाकिटावरचा बारकोड नंबर टाकून दिला तर सोन्याहून पिवळं, पण होलसेलवाले सहसा तेवढं करत नाहीत, त्यासाठी अडून बसू नका.

दुकानदार हे का टाळतात तेही समजून घ्या, म्हणजे भांडण होत नाही. त्यांच्या टॅलीत शंभर आयटमचे वेगवेगळे मास्टर बनवलेले नसतात, एका एचएसएनखाली एकच नाव ठेवलेलं असतं, आणि गर्दीच्या वेळी मुनीमजींना प्रत्येक आयटम टाकायला वेळ नसतो. म्हणून गर्दीच्या वेळी जाऊच नका, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा किंवा ऑर्डर आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवा, बिलावर जसं हवं अगदी तसंच लिहून, आणि सांगा, "शेठ, याच नावाने बिल बनवा, मला ऑनलाईन दाखवायला लागतं." कॉपी-पेस्ट करायला मिळालं की बहुतेक जण करून देतात. मी बघितलंय, आवाज चढवून मागणाऱ्यापेक्षा आधी लिहून पाठवणाऱ्याचं काम लवकर होतं.

नग मात्र पीसमध्येच पाहिजे. डझन, बॉक्स, पेटी, गठ्ठा असं लिहिलं असेल तर शेजारी पीस किती ते लिहून घ्या. स्कीमचा माल असतो, दहावर एक फ्री, तो फ्री नगही शून्य रुपयांनी का होईना बिलावर दिसला पाहिजे, नाहीतर तुम्ही अकरा विकले आणि घेतले दहा असं दिसतं. आणि एकूण नगांचा हिशोब लागला पाहिजे. गेल्या वर्षात त्या आयटमचे ३०० नग विकलेत आणि बिलं मिळून ५० नगांचीच, तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे की बाकीचे २५० कुठून आले.

सुटे कप घेऊन सहाचा सेट बनवून विकत असाल तर बिलावर ७२ कप आणि लिस्टिंगवर १२ सेट असं होईल, ते चुकीचं नाही, फक्त अपलोड करताना सोबत एक ओळ लिहा की सहा सुट्या कपांचा एक सेट आम्ही पॅक करतो. स्वतःचा ब्रँड लावणाऱ्यांचं जरा वेगळं आहे. सोलापूरहून टॉवेल घेतले, उल्हासनगरहून जीन्स शिवून घेतल्या आणि त्यावर स्वतःचं लेबल लावलं, आणि बिलावर नुसतं "टॉवेल ३० × ६०", तर तुमच्या ब्रँडचा पुरावा कुठे आहे? कारखानदाराला सांगून बिलात "अमुक लेबलसहित" असं टाकून घ्या, लेबल छापल्याचं प्रिंटरचं बिल जपून ठेवा, आणि ट्रेडमार्कचा अर्ज केला असेल तर त्याची कॉपी.

एचएसएन कोड बिलावर असतोच, सप्लायरची उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर चार आकडी, त्याच्या वर असेल तर सहा आकडी. तोच कोड तुम्ही तुमच्या लिस्टिंगमध्ये वापरा. सप्लायर एका कोडवर ५ टक्के लावतोय आणि तुम्ही दुसऱ्या कोडवर १८ टक्के लावून विकताय असं झालं तर चूक दोघांपैकी एकाची नक्की आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदललेत हे लक्षात असू द्या, शाम्पू, हेअर ऑईल, टूथपेस्ट १८ वरून ५ वर आलेत, तरी काही छोट्या दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुने दर राहून गेलेले असतात, म्हणून दर बघून घ्या.

टॅक्सची बाजू

सप्लायर महाराष्ट्रातला आणि तुमचं रजिस्ट्रेशनही महाराष्ट्रातलं तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा टॅक्स. सप्लायर सुरत, दिल्ली, तिरुपूरचा असेल तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा टॅक्स, आणि बिलावर प्लेस ऑफ सप्लाय महाराष्ट्र लिहिलेलं पाहिजे. दिल्लीला सदर बाजारला स्वतः जाऊन माल उचलणाऱ्यांनी इथे लक्ष द्या, तिथला दुकानदार सवयीने दिल्लीचाच सीजीएसटी-एसजीएसटी लावून मोकळा होतो, आणि दिल्लीच्या त्या टॅक्सचं क्रेडिट तुमच्या महाराष्ट्राच्या नंबरवर मिळत नाही. पैसे गेले ते गेले. बिल हातात असतानाच बदलून घ्या.

ज्यांचा माल मार्केटप्लेसच्या गोडाऊनमध्ये ठेवलेला असतो त्यांच्यासाठी अजून एक. भिवंडीच्या गोडाऊनला माल जाणार असेल तर ते गोडाऊन तुमच्या महाराष्ट्राच्या रजिस्ट्रेशनमध्ये जादा ठिकाण म्हणून जोडलेलं पाहिजे. सप्लायरला सरळ तिकडेच माल पाठवायला सांगितलात तर बिलावर "बिल टू" मध्ये तुमचा नेहमीचा पत्ता आणि "शिप टू" मध्ये गोडाऊनचा पत्ता असं दोन्ही येऊ द्या. कर्नाटकातल्या गोडाऊनला माल ठेवायचा असेल तर मात्र कर्नाटकचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, आणि महाराष्ट्रातून तिकडे माल पाठवताना तुम्ही स्वतःच स्वतःच्या दुसऱ्या नंबरवर टॅक्स इन्व्हॉइस फाडायचं असतं.

सप्लायरची उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून त्याला ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, बंधनकारक आहे. अशा बिलावर क्यूआर कोड आणि ६४ अक्षरी आयआरएन (पोर्टलने त्या बिलाला दिलेला नंबर) असतो. मोठा डिस्ट्रिब्युटर आहे आणि बिलावर क्यूआरच नाही, तर विचारा, कारण त्याच्याशिवाय ते बिल कायद्याने बिलच धरत नाहीत. जीएसटीएनच्या (जीएसटीचं पोर्टल चालवणारी संस्था) ई-इन्व्हॉइस व्हेरिफायर ॲपने क्यूआर स्कॅन केला की नंबर, तारीख, रक्कम समोर येते.

कच्च्या बिलाचा, म्हणजे त्या चिठ्ठीचा हिशोब

"बिल पाहिजे असेल तर जीएसटी वर लागेल, नको असेल तर असंच घेऊन जा." हे वाक्य प्रत्येकाने ऐकलंय. आणि वाटतं की १८ टक्के वाचले. रजिस्टर्ड सेलर असाल तर काहीही वाचत नाही, आकडे मांडून बघा. १८ टक्के जीएसटी असलेली वस्तू, दुकानात २०० रुपये, पक्क्या बिलावर २३६. तुम्ही ती ऑनलाईन ३९९ ला विकली. त्या ३९९ मध्ये ६०.८६ रुपये जीएसटी आहे, तो सरकारला द्यायचाच आहे, कारण ऑनलाईन विक्री लपत नाही, मार्केटप्लेस ती स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवतो. पक्कं बिल असेल तर ३६ रुपये क्रेडिट वजा जाऊन तुम्ही २४.८६ भरता, म्हणजे खिशातून गेले २३६ अधिक २४.८६, एकूण २६०.८६. कच्चं बिल असेल तर २०० दिले आणि ६०.८६ पूर्ण भरले, एकूण तेच २६०.८६. एक पैचा फरक नाही! आणि त्याच्यावर नुकसान वेगळंच, आयकरात ती खरेदी दाखवायला कागद नाही म्हणजे नफा फुगून दिसतो, आणि मार्केटप्लेसने बिल मागितलं तर हात रिकामे. शिवाय एका पार्टीला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिले तर आयकरात तो खर्च धरतच नाहीत. म्हणून यूपीआय किंवा बँकेनेच पैसे द्या, आणि तेही दुकानाच्या खात्यात, शेठजींच्या मुलाच्या नंबरवर नको, म्हणजे बिलाच्या जोडीला बँक स्टेटमेंटचा पुरावा उभा राहतो.

पक्कं बिल घेतलं म्हणजे क्रेडिट मिळालंच असंही नाही. सप्लायरने ते बिल त्याच्या जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) मध्ये टाकलं आणि तुमच्या टूबीमध्ये (जीएसटीआर-२बी, पोर्टलवर दिसणारी तुमच्या खरेदीच्या बिलांची यादी) आलं तरच क्रेडिट. टूबी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं, त्या दिवशी फाईलमधल्या बिलांशी टिक करून घ्या. एखादं नसेल तर सप्लायर तिमाही रिटर्नवाला आहे का ते आधी विचारा, त्याची बिलं उशिरा दिसू शकतात. तसंही नसेल तर मागे लागा, नंबर लिहून मेसेज करा. आणि टूबीमध्ये आलेलं बिल ही मार्केटप्लेससमोरही तुमची भक्कम बाजू असते, कारण मागच्या तारखेचं खोटं बिल तिथे नंतर गुपचूप घुसवता येत नाही. उधारीवर माल घेत असाल तर बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे चुकते करा, नाहीतर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं.

सप्लायरकडे जीएसटीच नसेल तर

बचत गटाच्या ताया, कोल्हापुरी चपला बनवणारा कारागीर, घरगुती लोणची-पापड करणारे, यांची उलाढाल ४० लाखांच्या आत असते आणि जीएसटी नंबर नसतो. म्हणून त्यांच्याकडून घेऊच नका असं मी अजिबात म्हणणार नाही, उलट अशांचा माल ऑनलाईन गेलाच पाहिजे. त्यांच्याकडून साधं बिलबुक छापून घ्या, त्यात नाव, पत्ता, फोन, बिल नंबर, तारीख, मालाचं नाव, नग, दर, सही. पैसे बँकेतून. खायचा पदार्थ असेल तर त्यांचा १४ आकडी एफएसएसएआय (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) नंबर बिलावर पाहिजेच, हा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे. कोकणात शेतकऱ्याकडून टरफलासकट कच्चा काजू घेत असाल आणि तुम्ही रजिस्टर्ड असाल तर टॅक्स विकणाऱ्याऐवजी तुम्हालाच भरायचा असतो, याला रिव्हर्स चार्ज म्हणतात, आणि बिलही तुम्हीच स्वतःच्या नावे बनवायचं असतं, हे फार कमी जणांना माहीत असतं, तुमच्या सीएला विचारा.

बिल हाताने लिहिलेलं आहे म्हणून ते बेकायदेशीर होत नाही. पण गुजरातीत लिहिलेलं किंवा मोडक्या अक्षरातलं बिल मार्केटप्लेसचा तपासणारा वाचू शकला नाही तर तो रिजेक्ट करतो, म्हणून जमेल तिथे टाइप केलेलं इंग्रजी बिल घ्या.

बिलात चूक निघाली तर

पेनाने खाडाखोड करू नका, व्हाइटनर लावू नका, आणि मोबाईलवर पीडीएफ एडिट करून तारीख, नाव, नग बदलायचा विचारही करू नका. यूट्यूबवर सल्ले देणारे भरपूर आहेत, ऐकू नका. सप्लायरला एक फोन गेला किंवा क्यूआर स्कॅन झाला की खोटं उघडं पडतं, आणि मग प्रश्न एका लिस्टिंगचा राहत नाही, बनावट कागद दिला म्हणून अख्खं अकाउंट कायमचं जाऊ शकतं. सरळ मार्ग आहे ना, सप्लायरला सांगायचं, तो जुन्या बिलाची क्रेडिट नोट (ती रक्कम कमी केल्याचा कागद) काढून नवीन बिल देऊ शकतो किंवा त्याच्या जीएसटी रिटर्नमध्ये दुरुस्ती करू शकतो. माल परत केला तरी क्रेडिट नोट मागायची, "पुढच्या बिलात ॲडजस्ट करतो" हे तोंडी चालवून घेऊ नका, त्याने नगांचा हिशोब कायमचा बिघडतो.

ब्रँडचा माल सब-डीलरकडून घेत असाल तर एक पायरी मागची सोय करून ठेवा. तुमच्या डीलरने कंपनीकडून किंवा मोठ्या डिस्ट्रिब्युटरकडून घेतलेल्या बिलाची कॉपी, भाव झाकून दिली तरी चालेल, किंवा त्याच्याकडे असलेलं कंपनीचं अधिकृत विक्रेत्याचं पत्र. देईलच असं नाही, भाव कळतील अशी भीती असते. पण जो देतो त्याच्याकडून माल चार रुपये महाग पडला तरी मी तोच सप्लायर धरायला सांगेन.

अपलोड करताना

कागदाचे चारही कोपरे दिसतील असा रंगीत स्कॅन करा, पीडीएफमध्ये. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून फिरून आलेली कॉपी फुटलेली असते, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा मेलवर मागवा. बिल तीन पानी असेल तर तिन्ही पानं, शेवटच्या पानावर सही आणि एकूण रक्कम असते. कंप्लेंटचा जो माल आहे ती ओळ हायलाइट केली तर बरंच पडतं, पण ओरिजिनल कागदावर नको, कॉपीवर. भाव झाकायची परवानगी मेलमध्ये दिली असेल तरच झाका, बाकी काही झाकू नका. ट्रान्सपोर्टने माल आला असेल तर बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची पावती) आणि ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी ऑनलाईन काढायचा कागद) जोडा, ई-वे बिल ५०,००० च्या वर लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर.

सोबतचं पत्र चार-पाच ओळींचं पुरे. अमुक प्रॉडक्ट, अमुक सप्लायर, बिल नंबर आणि तारीख, त्यात किती नग, आमच्या अकाउंटवर आत्तापर्यंत किती विकले, किती शिल्लक, सप्लायरचा फोन. आम्ही फार प्रामाणिक आहोत, आमचं घर यावरच चालतं, हे लिहायचा मोह होतो, मी समजू शकते, पण तपासणाऱ्याला त्यातून काही सापडत नाही, त्याला बिलाची ओळ सापडली पाहिजे.

फाईलला नाव देताना तारीख, सप्लायर, ब्रँड या क्रमाने द्या आणि महिन्याचं एक फोल्डर ठेवा, गुगल ड्राइव्हवर एक कॉपी, घरी एक कागदी. वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हे सगळं सांभाळायचं असतं, म्हणजे २०२४-२५ ची बिलं ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. आणि आत्ता घरात बिल नसलेला ब्रँडेड माल पडला असेल तर तो ऑनलाईन लिस्ट करू नका, लिस्टिंग चालू असेल तर आजच त्याचा स्टॉक शून्य करा आणि ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडे तो परत जातो का बघा. गेला तर त्याच दुकानातून पुढचा माल पक्क्या बिलावर घ्या, ब्रँड, साईज आणि पीस लिहून.